शेजारच्या आजींनी दिलेलं चार्म ब्रेसलेट: चांदी खरी का, आणि आता याचं करू काय?

वांगीभात:
मंडळी, दागिन्यांतलं मला पैंजण-जोडव्यांपलीकडे काही कळत नाही, म्हणून विचारतेय.

आम्ही कॉव्हेंट्रीत राहतो. शेजारच्या इंग्रज आजी (वय ८८) गेल्या महिन्यात केअर होममध्ये गेल्या. घर आवरताना बिस्किटांच्या डब्यातून एक चांदीचं ब्रेसलेट काढून त्यांनी माझ्या हातात कोंबलं. "भाची घालणार नाही, तू घाल." चार वर्षं त्यांची औषधं आणून देत होते, त्याची परतफेड असावी. नको म्हटलं तर रागावल्या.

जाड साखळी, बदामाच्या आकाराचं कुलूप आणि लटकलेल्या पंधरा छोट्या वस्तू, म्हणजे चार्म. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ७१ ग्रॅम भरलं. घातलं की मी पोळ्याच्या बैलासारखी वाजत फिरते. एक चर्च आहे, नखाने उघडलं की आत नवरा-नवरी आणि पाद्री. शिलाई मशीन, त्याचं चाक फिरतं. कॅरव्हॅन. चोचीत बाळाचं गाठोडं धरलेला करकोचा. '२१' लिहिलेली किल्ली. आणि एक काचेची डबी, तिच्यात घडी घातलेली तपकिरी नोट!

कुलपावर आणि साखळीवर सिंह, जहाजाचा नांगर आणि एक अक्षर आहे, पण निम्म्या वस्तूंवर काहीच नाही. त्या नकली का? नोट खरी का? सगळं काळं पडलंय, रांगोळीने घासू का? आणि लेकीला (वय ११) त्यात तिचा पॅन्डोरा कंपनीच्या ब्रेसलेटचा मणी अडकवायचाय. चालेल?

हिशेबी_अण्णा:
चांदीचा भाव बघितलात का? मोडीत घाला आणि लेकीला पैंजण करा. मनगटावर शिलाई मशीन घेऊन कोण हिंडतं?

नांगरवाला:
अण्णा, मोडीचं नाव काढू नका!

वांगीभात, तुमचं ब्रेसलेट तुमच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर तपासलं गेलंय. नांगर हा बर्मिंगहॅमच्या 'असे ऑफिस'चा, म्हणजे सोन्याचांदीची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीचा शिक्का. मी इथे अठरा वर्षं आहे, समुद्र कुठे दिसला नाही. मग नांगर कसा? १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्डला चांदी तपासायची परवानगी एकदमच मिळाली. त्यासाठी खटपट करणारी मंडळी लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत जमायची. म्हणे नाणं उडवून एका गावाने मुकुट घेतला, दुसऱ्याने नांगर. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. अक्षर वर्षाचं. पण अक्षरं फिरून फिरून येतात, तेव्हा त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार तक्त्याशी ताडून पाहा.

शिक्का नाही म्हणून नकली समजू नका. १९७५ पासून लागू झालेल्या कायद्यात ७.७८ ग्रॅमखालच्या, म्हणजे पाव ट्रॉय औंसाखालच्या चांदीला शिक्क्याची सक्ती नाही, आणि बारीकसारीक वस्तूंना त्याआधीही सूट असायची.

नोट खरीच असणार, दहा शिलिंगची. बाहेर अडलं तर काच फोडायची, घरी परतायची सोय झाली. १९७० च्या नोव्हेंबरात ती चलनातून गेली. बँक ऑफ इंग्लंड आजही बदलून देते, ५० पेन्स मिळतील. फोडू नका! किल्ली एकविसाव्या वाढदिवसाची. तेव्हा इथे २१ व्या वर्षी माणूस सज्ञान व्हायचा आणि घराची किल्ली हाती यायची. १९७० मध्ये ते वय १८ वर आलं.

या हौसेला वजन आलं ते व्हिक्टोरिया राणीमुळे. तिच्या ब्रेसलेटला नऊ मुलांचे नऊ मिन्याचे बदाम होते, प्रत्येकात त्या त्या मुलाच्या केसांची बट. १८४० मध्ये थोरली जन्मली तेव्हा अल्बर्टने ते दिलं. अर्थात ते सोन्याचं. चांदीचं ब्रेसलेट घेऊन दर वाढदिवसाला एकेक चार्म वाढवायचा, ही चाल साध्या घरांत बहरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

हुपरीकर:
आमच्या घरात दोन पिढ्या पैंजण जोडण्यात गेल्या, त्या हक्काने सांगतो: रांगोळी अजिबात नको, शिक्के झिजतात. लिक्विडमध्येही बुडवू नका, डबीत शिरलं तर नोटेचा लगदा होईल. मऊ सुती कापडाने पुसा. खाचांतला काळेपणा राहू दे, त्यानेच काम उठून दिसतं.

प्रत्येक चार्मची छोटी कडी नीट बघा. नुसती दाबून मिटवलेली असेल तर स्वेटरच्या धाग्यात अडकून उघडते आणि चार्म कुठे पडला कळतही नाही. झाळून घ्या, पण काचेची डबी आणि मिना असलेलं काही असेल तर आधी काढून ठेवायला सांगा. पॅन्डोराचा मणी आरपार भोकातून गोल साखळीत ओवायचा असतो. तुमच्या जाड कड्यांत तो जाणार नाही, वेगळी कडी जोडावी लागेल.

बाकी यात मला नवल वाटलं नाही. माझ्या करदोट्याला घुंगरू, चांदीत मढवलेलं वाघनख आणि एक ताईत होता. कुठलं कोणी दिलं, हे आजी न चुकता सांगायची. वाघनखाचं मामाकडचं श्रेय मात्र आत्याला कधीच मान्य नव्हतं.

वांगीभात:
रविवारी ब्रेसलेट घेऊन आजींकडे गेले होते. किल्ली अगदी बरोबर! आईवडिलांनी दिली, कुलूपही त्याच दिवशीचं. शिलाई मशीन कोटांच्या कारखान्यातल्या मैत्रिणींनी लग्नात दिलं. कॅरव्हॅन म्हणजे वेल्समधलं ऱ्हिल. अकरा उन्हाळे तिथेच काढले, त्यातले नऊ पावसात.

करकोच्यापाशी मी अडखळले, कारण त्यांना मूलबाळ नाही. विचारू की नको असं झालं. त्याच म्हणाल्या, "अगं, तो सेलमध्ये होता. दोन कड्या रिकाम्या होत्या, वाईट दिसायचं." आणि डबी? "दोनदा फोडायची वेळ आली होती. दोन्हीदा चालत घरी आले."

अण्णा, पैंजण काही होत नाही. हुपरीकर, दोनातली एक कडी अजून रिकामीच आहे. मणी जाणार नाही म्हटल्यावर लेकीने तिच्या लहानपणीच्या वाळ्यातला सुटा पडलेला घुंगरू शोधून आणलाय. त्याची कडी फार बारीक आहे. या जाड साखळीला घासून झिजेल का?