रानसशाची शिकार : वाघर लावणारा आणि झोत टाकणारा यांना एकच शिक्षा का?

माळकरी :
रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली तेव्हा तो दुसऱ्या अनुसूचीत आला. त्याच्या शिकारीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. माझा आक्षेप शिक्षेला नाही. घरच्या हंडीसाठी वाघर (सशाच्या वाटेवर लावायचे जाळे) लावणारा फासेपारधी आणि गाडीच्या झोतात ससा खिळवून बंदूक चालवणारा हौशी माणूस यांना कायदा एकाच मापाने मोजतो, याला आहे. वाघर लावायची तर सशाची वाट ओळखावी लागते. त्यासाठी लेंड्या, कुरतडलेले गवताचे शेंडे आणि दिवसभर तो ज्या खळग्यात दबून बसतो ती जागा नजरेला पडावी लागते. एवढे करूनही हाकाऱ्यात ससा वाकडातिकडा पळत निसटतोच. झोतात मात्र तो जागीच थबकतो, आणि अशा काही रात्रींत एखादा माळ ओस पाडता येतो. ज्या पारध्यांवरचा, इंग्रजांच्या कायद्याने मारलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का 1952 साली कागदोपत्री पुसला गेला, त्यांच्याच पालावर पहिली झडती होते, हेही विसरू नये.

टिटवी :
साधन जुने आहे म्हणून शिकार निरुपद्रवी ठरत नाही. इंदापूरजवळचे कडबनवाडी किंवा सोलापूरजवळचे नान्नज येथील माळरानांवर लांडगा, कोल्हा, रानमांजर, गरुड आणि मोठी घुबडे या सर्वांच्या आहारात ससा असतो, आणि तो कमी झाला की लांडग्याची नजर मेंढपाळाच्या कळपाकडे वळते. वाघरीचा काळ सलग माळांचा होता. आज त्याच जमिनीवर ऊस, भूखंड आणि गवताळ प्रदेशात विनाकारण लावलेली झाडे आहेत. शिवाय रानससा पाळीव सशाप्रमाणे बिळात वीत नाही. त्याची पिल्ले डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊन उघड्या गवतातच जन्मतात, त्यामुळे गवत गेले की त्यांना दुसरा आसरा उरत नाही. वनहक्कांचा 2006 चा कायदा आदिवासींचे इतके हक्क मान्य करतो, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्याने स्पष्ट शब्दांत वगळला आहे. त्याला दुर्लक्ष म्हणता येणार नाही.

काळी माती :
आपण दोघेही शेतकऱ्याला विसरलात. कोवळा हरभरा आणि भुईमूग ससे रात्रीत खुडतात. तरीही मी कोणाला माझ्या बांधावर वाघर लावू देणार नाही, कारण सशामागे येणारे लोक विहिरीवरची मोटारही हेरून जातात. (हा अनुभव एकट्या माझा नाही, मात्र ते पारधी नव्हते, मोटारसायकलवरचे तरुण होते.) चवीचे म्हणाल तर लहानपणी सशाचे कालवण मी खाल्ले आहे. मांस तांबूस आणि जवळजवळ बिनचरबीचे असते, त्यामुळे घाईने शिजवले तर दोऱ्यासारखे चिवट होते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, कांदा-लसूण मसाला, तेलाचा सढळ हात आणि मंद जाळ लागतो. ज्यांना आज ती हौस आहे त्यांनी न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला या पाळीव जाती आणून शिजवाव्यात.

माळकरी :
हा पर्याय आपल्यासाठी ठीक आहे. पालावरच्या माणसाने पिंजरे, खाद्य आणि जागा कोठून आणावी? टिटवी, वनहक्क कायद्याचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणून शिकारीला परवानगी द्या असे मी म्हणतच नाही. पण वन्यजीव कायद्याच्या कलम 54 मध्ये पैसे भरून प्रकरण मिटवण्याची सोय आहे, आणि ससा दुसऱ्या अनुसूचीत असल्याने ती येथे लागू होते. गाडीवाला रक्कम भरून घरी जातो. पारध्याला ती भरता येत नाही, म्हणून तो तारखांना खेटे घालतो.

टिटवी :
कलम 54 बद्दल आपले म्हणणे रास्त आहे. त्यावर माझा उपाय मात्र उलटा आहे : झोत, बंदूक आणि वाहन वापरणाऱ्याला तडजोडीची वाटच बंद करावी. वाघरीला सवलत देण्याची गरज त्याने सिद्ध होत नाही.

काळी माती :
आणि झोतवाल्याला रात्री पकडणार कोण? आमच्याकडे एका वनरक्षकाकडे कित्येक गावे आहेत.