अजबखाना, वस्तुसंग्रहालय, कलादालन : कोणता शब्द कुठे?

भाषांतरवाला : म्युझियम आणि आर्ट गॅलरी यांच्या इमारतींवरच्या मजकुरात वस्तुसंग्रहालय, वास्तुसंग्रहालय, कलादालन, कलावीथी हे शब्द सरमिसळ दिसतात. फरक काय? 'अजबखाना' आज चालेल का?

फोर्टकर : आधी 'वास्तुसंग्रहालय' खोडा. वास्तू म्हणजे इमारत, वस्तू म्हणजे जिन्नस. मुंबईत काळा घोड्याजवळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला १९९८मध्ये 'छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय' हे नाव दिले, तेव्हापासून ही चूक फार दिसते. रोमन लिपीत दोन्ही शब्द सारखेच उमटतात. त्यात वास्तुविशारद जॉर्ज विटेटने बांधलेली वास्तूही अशी, की कुर्ल्याचा निळसर आणि मालाडचा पिवळसर दगड, वर गोलघुमटाच्या धर्तीचा घुमट. लिहिणाऱ्याला 'वास्तु'च बरोबर वाटते.

'तु' ऱ्हस्व ठेवा. सुटा शब्द 'वस्तू', पण समासात पहिले पद झाले की 'वस्तुसंग्रहालय', आणि तेही जोडून.

नागपूरकर : अजबखाना नुसता जुना म्हणून टाकू नका. आमच्याकडच्या १८६३च्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक आजही 'अजब बंगला' म्हणतात, कोलकात्यात 'जादुघर' म्हणतात. ही नावे बघायला येणाऱ्यांनी दिली. 'संग्रहालय' हा शब्द मात्र गोळा करणाऱ्याच्या, सांभाळणाऱ्याच्या बाजूने बोलतो. एकोणिसाव्या शतकातल्या गर्दीबद्दल लिहीत असाल तर अजबखाना अगदी नेमका. आजच्या संस्थेला लावलात तर थट्टा वाटेल.

फोर्टकर : 'वस्तू' म्हणजे काय, हेही काळाप्रमाणे बदलले आहे. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२मध्ये उघडले ते व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम म्हणून (आजचे नाव १९७५चे). त्याच्या आधीचा संग्रह १८५७पासून फोर्टातल्या बराकीत होता आणि त्यात भर होता तो इलाख्यातला कच्चा माल, उद्योग आणि कारागिरी यांच्या नमुन्यांवर. पुण्याचे महात्मा फुले वस्तुसंग्रहालयही पूर्वी लॉर्ड रे यांच्या नावाचे औद्योगिक म्युझियमच होते. म्हणून सरसकट 'पुराणवस्तुसंग्रहालय' लिहू नका. मूर्ती, नाणी, ताम्रपट असे प्राचीन अवशेष मुख्य असतील तिथेच तो शब्द.

भाषांतरवाला : मग नुसते 'संग्रहालय' पुरेल?

दादरची : पहिल्या उल्लेखात नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) हे वाचनालय आहे आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत तर लाड म्युझियम आणि प्राणिसंग्रहालय एकाच आवारात. एकदा पूर्ण शब्द लिहा, पुढे 'संग्रहालय' चालेल.

गॅलरीचा घोळ मोठा. मराठी घरात गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची जागा, त्यामुळे 'आर्ट' गाळता येत नाही. 'दालन' ही मुळात खोली. मंत्रालयात मंत्र्यांचे दालन असते तशी. म्हणून संग्रहालयाच्या आतल्या भागांना शिल्पदालन, नाणेदालन म्हणा. अख्ख्या इमारतीला 'कलादालन' म्हणणे थोडे ताणलेले आहे, पण रुळले आहे. बालगंधर्व कलादालन आता कोणाला खटकत नाही. वरच्या मजल्यावर सभागृहाभोवती फिरणारा कठडेवाला भाग हा 'सज्जा'. तिथे गॅलरी किंवा दालन लिहिले की वाचकाला नकाशाच कळत नाही. 'वीथी' म्हणजे रस्ता, ओळ. लांब, अरुंद, दोन्ही बाजूंना चित्रे असलेल्या जागेला ती शोभते. चौकोनी हॉलला कशाला?

'चित्रशाळा' शब्द छान आहे, पण पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने तो केव्हाच व्यापला.

फोर्टकर : एक भेद राहिला. जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२) चित्रकारांना ठरावीक दिवसांसाठी दालने भाड्याने देते, म्हणून ते कलादालन. समोरच्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये पूर्वी सभा आणि मैफली होत. १९९६पासून तिथे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. इंग्रजीत गॅलरी, पण संस्थेचे हिंदी नाव 'राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय', आणि ते योग्यच, कारण तिचा स्वतःचा कायमचा संग्रह आहे.

तारखा देताना इमारत पूर्ण झाल्याचे साल आणि संग्रहालय उघडल्याचे साल वेगळे लिहा. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची विटेटने बांधलेली इमारत १९१४ला तयार झाली, महायुद्धात तिचे लष्करी रुग्णालय झाले आणि लोकांसाठी ती उघडली १९२२मध्ये. '१९१४चे संग्रहालय' असे लिहिलेत तर ती मधली आठ वर्षे गळतात.