लसूणघासाला रायझोबियम लावूनही मुळांवर गाठी नाहीत, काय चुकलं?

गोठा_७: एक एकर लसूणघास, आर.एल. ८८ वाण. १० किलो बियाण्याला थायरम (बुरशीनाशक) आणि रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) एकत्रच चोळलं. कल्चर, म्हणजे जिवाणूंचं पाकीट, हरभऱ्यातलं उरलेलं होतं. ३० दिवस झाले, घास पिवळट आहे, उपटून पाहिला तर गाठी नाहीत. युरिया टाकू? आणि कल्चरचा खर्च परवडतो तरी का?

काळी_माती: हरभऱ्याचं पाकीट, इथेच घोळ झाला. घासाला रायझोबियम मेलिलोटीच लागतं. बरसीम या चाऱ्याचंही चालत नाही. मेथीचं चालतं, कारण दोन्हींचा जिवाणू-गट एकच. शिवाय थायरमसोबत कल्चर मिसळलं की जिवाणू मरतात. बुरशीनाशक आधी लावायचं, बी सुकवायचं, कल्चर सगळ्यात शेवटी.

अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. त्यात २५० ग्रॅम कल्चर कालवून थोडं थोडं शिंपडत बी हलक्या हाताने चोळा. सगळं ओतू नका, घासाचं बी बारीक, लगेच गोळे होतात. गोणपाटावर सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पाकिटावरची मुदत बघा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढलेलं पाकीट फुकट दिलं तरी घेऊ नका.

चारा_कट्टा: उपटून बघू नका दादा, गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने ढेकळासकट रोप काढा, बादलीत भिजवा, मग गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर नत्र बांधणं चालू आहे.

उभ्या पिकाला घासाचंच २ किलो कल्चर ५० किलो चाळलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी फोका, लगेच हलकं पाणी द्या. बीजप्रक्रियेइतकी खात्री नाही. युरिया एकदाच, १५-२० किलो. जास्त दिला तर मूळ गाठी धरत नाही.

काळी_माती: खर्चाचं म्हणाल तर पुढच्या पेरणीत दोन गुंठे कल्चरशिवाय ठेवा, बाकी सगळं सारखं. प्रत्येक कापणीला दव उतरल्यावर दोन्हीकडे चार-चार ठिकाणी १ चौरस मीटर कापून तोला. सरासरी दीड किलो म्हणजे एकरी सुमारे ६ टन. फरकाला चाऱ्याच्या भावाने गुणा आणि कल्चरच्या खर्चाशी ताडून बघा. आधी मेथी किंवा घास झालेल्या रानात फरक कमी दिसेल, तिथे जिवाणू असतातच.

गोठा_७: खुरप्याने काढून पाहिलं. चार-पाच बारीक गाठी आहेत, आतून पांढऱ्या.

चारा_कट्टा: मग त्या कामाच्या नाहीत. फोकल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा फोडून बघा.