पाण्यातली पिसू मरत नाही म्हणजे पीफास सेफ? मला पटत नाही

मोइनावाला_कांजूर: काल आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने ठामपणे लिहिलं की पीफासचा, म्हणजे वॉटरप्रूफ कापड, पेट्रोलच्या आगीवर मारायचा फेस वगैरेत असतात त्या फ्लोरिनवाल्या केमिकल्सचा, पाण्यातल्या बारीक जिवांना धोका नाही, डाफ्नियावर, म्हणजे पाण्यातल्या पिसूवर, टेस्ट झाल्यात आणि ती मरत नाही. अहो, मी बाल्कनीतल्या टबात मोइना वाढवतो, डाफ्नियाचीच चुलत बहीण. भिंगाखाली धरली की आरपार दिसते, हृदय नुसतं थरथरत असतं आणि पाठीवरच्या पिशवीतली अंडी मोजता येतात. नेहमीच्या टेस्टमध्ये ४८ तासांनी पिसू हलते की नाही एवढंच बघतात. पिल्लं किती होतात हे बघायची टेस्ट वेगळी, २१ दिवसांची, आणि तिथे पीएफओएस, पीफासमधलंच एक केमिकल, मारायला लागतं त्याहून बऱ्याच कमी डोसला पिल्लं घटवतं. पिल्लं घटली की टब ओस पडतो, मरायला कशाला लागतंय.

लॅबमधला_मुलुंड: दादा, आकडे बघा ना. ४८ तासांत निम्म्या डाफ्निया थांबवायला लिटरला वीस-तीस मिलिग्रॅमच्या वर पीएफओएस लागतं, नदी-तलावात बहुतेक ठिकाणी ते नॅनोग्रॅममध्ये सापडतं. एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम! पवई तलावात जलपर्णी माजते, सांडपाणी येतं, ऑक्सिजन संपला की पिसू काय नि मासा काय, सगळंच जातं. पैसे आधी तिकडे घाला असं माझं स्पष्ट मत.

मोइनावाला_कांजूर: सांडपाण्याचं शंभर टक्के मान्य. पण डाफ्निया सगळ्यात नाजूक हे कोणी ठरवलं? आपण माशांना ब्लडवर्म घालतो ना, त्या न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या, त्या जातीतल्या अळ्यांची वाढ पीएफओएसने लिटरला शंभर मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमच्या, आतच मार खाते. डाफ्नियापेक्षा शेकडो पट कमी झालं की हे.

लॅबमधला_मुलुंड: हे बरोबर आहे, अळ्यांचं मी धरलं नव्हतं. तरी तलावातल्या नॅनोग्रॅमपासून ते लांबच आहे. आणि पीएफओएस २००९ मध्ये, त्याचंच भावंड पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या घातक केमिकल्सवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलंय, वापर कमी होतोय.

विक्रोळीची_काकू: वापर कमी होईल हो, पण आधीचं गेलेलं कुठे जाणार? सांडपाणी थांबवलं तर पाणी हळूहळू सुधारतं, पीफासमधला कार्बन-फ्लोरिनचा बंध मात्र तसा तुटत नाही आणि साधं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रही पीफास तोडत नाही. म्हणजे नाल्यावर सगळा पैसा घातला तरी हे तसंच पुढे मिठी नदीत आणि खाडीत. ‘आधी ते, मग हे’ इथे चालत नाही.

लॅबमधला_मुलुंड: काकू, केंद्राचा मुद्दा मान्य. पण मोजल्याशिवाय घाबरवणं मला नाही जमत.

मोइनावाला_कांजूर: मग मोजूया की! मी पाणी आणतो, २१ दिवस पिल्लं मोजायला मी बसतो.

लॅबमधला_मुलुंड: पिल्लं कमी झाली तर सांडपाण्याने की पीफासने, ते कसं कळणार? पीफास मोजायचं मशीन आमच्याकडे नाही. साध्या स्वच्छ पाण्यात ठरलेला डोस घालून बघता येईल. भिंग आणि मोइना आणा, बाकीचं मी बघतो.