विमा कंपन्यांनीच अग्निशमन दल का सोडून दिले

अग्निशमन आणि पोलीस या सेवा वर्गणीवर चालणाऱ्या खासगी संस्थांकडे सोपवाव्यात, असे म्हणणारे लोक लंडनचा दाखला देतात. तिथे विमा कंपन्यांनी खासगी अग्निशमन दले यशस्वीपणे चालवली होती, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण त्या प्रयोगाचा शेवट ते सांगत नाहीत. 1666 च्या भीषण आगीनंतरच्या काळात कंपन्यांनी आपापली दले उभारली, विमा उतरवलेल्या घरांच्या दर्शनी भिंतीवर आपल्या खुणेचे धातूचे पत्रे ठोकले आणि 1833 मध्ये बहुतेक प्रमुख कंपन्यांनी मिळून एकच सामायिक दल केले, म्हणजे स्पर्धा त्यांनी स्वतःच संपवली. आग पत्रा पाहून थांबत नसल्यामुळे विमा नसलेली घरेही त्यांना विझवावी लागत आणि त्याचा खर्च विमेदारांवर पडे. 1861 मध्ये टूली स्ट्रीटवरील थेम्सकाठची ताग आणि चरबीने भरलेली गोदामे पेटली, आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि दलप्रमुख जेम्स ब्रेडवुड कोसळत्या भिंतीखाली दगावले. त्यानंतर हा भार आम्हाला पेलणार नाही, असे कंपन्यांनीच सरकारला कळवले आणि 1865 च्या कायद्याने ही सेवा सार्वजनिक झाली.

पोलिसांच्या बाबतीत तर अशा खासगीकरणाला माझा विरोध अधिक ठाम आहे, कारण तिथे अटकेचा अधिकार वर्गणीदारांशी बांधील असलेल्या संस्थेच्या हाती जातो.