‘कॉन्शन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा १९१४ सालचा ‘दि अव्हेंजिंग कॉन्शन्स’ हा मूकपट आमच्या चित्रपट मंडळात दाखवायचा आहे. फलकावर नाव मराठीत हवंय. ‘सूड घेणारी सदसद्विवेकबुद्धी’ असं लिहिलं खरं, पण वाचताना दमच लागतो. दुसरा शब्द सुचवा.

उत्तर: शब्द लांब आहे ही अडचण दुय्यम, इथे अर्थच बसत नाही. सत् काय, असत् काय हे निवडणारी बुद्धी ती सदसद्विवेकबुद्धी. (बरेच जण ‘सद्सद्’ लिहितात. पहिल्या ‘द’चा पाय मोडू नये, त्यात पुढच्या ‘असत्’चा ‘अ’ मिसळलेला आहे.) तिचं काम हातून काही घडायच्या आधी. सिनेमातला पुतण्या काकाचा गळा दाबतो, प्रेत भिंतीत चिणतो. आता निवडायचं काय उरलं? त्यापुढे जे सुरू होतं त्याला आपण ‘मन खाणं’ म्हणतो. ‘माझं मन मला खातं’ यात खाणारं मन आणि खाल्ला जाणारा मी, असे एकाच माणसाचे दोन तुकडे झालेत. ग्रिफिथला पडद्यावर दाखवायचंय ते हेच.

चौकशीचा प्रसंग आठवा. गुप्तहेर समोर बसून पेन्सिल टेबलावर आपटतोय, घड्याळाचा लंबक हलतोय, पायाचा ठेका चाललाय. सिनेमा मुका, तरी ते ठोके आपल्याला डोळ्यांनी ऐकू येतात, आणि पुतण्याला तर ते मेलेल्या काकाच्या काळजाचेच वाटतात. ही कल्पना एडगर ॲलन पोच्या १८४३ सालच्या ‘दि टेल-टेल हार्ट’ कथेतली. पुतण्या झालेल्या हेन्री वॉल्थॉलचा चेहरा तेव्हा कसा कसा बदलत जातो ते पाहिलं की ‘खाई त्याला खवखवे’ म्हणजे काय ते कळतं. ‘चोराच्या मनात चांदणं’ही चालेल, पण त्यात नुसती पकडलं जाण्याची भीती आहे. खवखव आतून येते.

प्रश्न: मग ‘अपराधगंड’?

उत्तर: नको. गंड मनात घर करून बसतो, आणि पुष्कळदा काहीही अपराध नसताना. ‘पश्चात्ताप’ही नको, त्यात माणूस शरण आलेला असतो. हा पुतण्या तर झाकायला धडपडतो.

प्रश्न: एक शंका आहे. तो खून शेवटी स्वप्नातला निघतो. प्रत्यक्षात काका जिवंतच! म्हणजे मनाने कृत्याच्या आधीच अडवलं. मग तुम्ही बाद केलेली सदसद्विवेकबुद्धीच खरी नाही का?

उत्तर: बरोबर पकडलंत, मी ते लक्षात घ्यायला हवं होतं. पण त्या बुद्धीने त्याला समजावलं नाही, आधी पुरता खाऊन दाखवलं. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही पेलणारा शब्द तुकोबांकडे आहे: ‘सत्य असत्याशी मन केलें ग्वाही’. ग्वाही म्हणजे साक्ष, शब्द मूळचा फारसी. ‘कॉन्शन्स’चं लॅटिन मूळही ‘सोबतीने जाणणं’ असंच आहे: माझ्याबरोबर आणखी कुणाला तरी हे ठाऊक आहे. पोच्या कथेतला खुनी पोलिसांसमोर फुटतो तो याच साक्षीदारापुढे. दोन भाषा इतक्या लांबून एकाच जागी पोचल्या, याचा मला फार आनंद होतो.

तरी फलकासाठी ‘ग्वाही’ नको. आज तो शब्द ‘मंत्र्यांनी ग्वाही दिली’ अशा बातम्यांत आश्वासनाच्या अर्थाने वापरला जातो, लोकांना भलताच सिनेमा वाटेल. ‘टोचणी’ हलकी पडते, ती उसने पैसे परत न केल्याचीही असते. ‘सूड’ तर सोडूनच द्या, खाण्यात तो आलाच. मी ‘मन खातं’ एवढंच लिहीन, आणि खाली लहान अक्षरांत मूळ नाव व साल.