मदत हवी आहे: डेंजर, वॉर्निंग, कॉशन – मराठीत या पायऱ्या दाखवायच्या कशा?

नमस्कार मंडळी,

पत्रा कापायच्या यंत्राच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. यंत्राचे भाग, जोडणी, तेलपाणी हे सगळं सुटलं. अडलंय ते चौकटींतल्या सूचनांपाशी. काही चौकटींवर 'डेंजर' आहे, काहींवर 'वॉर्निंग', काहींवर 'कॉशन' आणि मधूनच 'नोटिस'. शब्दकोश म्हणतो धोका, इशारा, सावधगिरी, सूचना. ठीक, पण यांतलं जास्त गंभीर काय हे यंत्र चालवणाऱ्याला कसं कळावं? मला विचाराल तर 'सावधान' वाचून मी आधी दचकेन, आणि 'कॉशन' तर तिथे सगळ्यांत सौम्य दिसतंय.

दुसरं, 'हॅझर्ड' आणि 'रिस्क' एकाच वाक्यात येतात. दोन्हींना 'धोका' म्हटलं की वाक्य होतं, 'धोका दूर करता येत नसेल तर धोका कमी करावा.' हसू नका!

तिसरं म्हणजे शॅल, शुड, मे, कॅन. यातल्या निम्म्या ठिकाणी 'करावे' हेच हाताशी येतं. कोणी असं काम केलंय का?

प्रतिसाद

शब्दकोश बाजूला ठेवा. हे शब्द इथे रोजच्या अर्थाने आलेले नाहीत, त्यांना ठरवून दिलेला अर्थ आहे. अमेरिकेच्या 'अॅन्सी झेड ५३५' या मानकांत तो सापडेल. पाहायचं एवढंच, की काळजी घेतली नाही तर इजा नक्की होणार की होऊ शकते, आणि ती किती मोठी. मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तर डेंजर. तेवढीच मोठी इजा, पण 'होऊ शकते' असं असेल तर वॉर्निंग. म्हणजे या दोघांत इजेचा आकार तोच, फरक खात्रीचा. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकत असेल तर कॉशन. माणसाला काही होणार नाही, यंत्र किंवा माल बिघडेल, तिथे नोटिस. रंगही ठरलेले आहेत: लाल, नारिंगी, पिवळा, निळा. छपाईत ते रंग घालवू नका, अर्धं काम तेच करतात.

मराठीत मी 'प्राणघातक धोका', 'गंभीर इशारा', 'काळजी घ्या' आणि 'सूचना' असे घेईन.

प्रतिसाद

'प्राणघातक' नको. पात्याखाली हात गेला तर माणूस जगेल, पण चौकट डेंजरचीच असणार. नुसतं 'धोका' ठेवा आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर चारही शब्दांचा अर्थ एकेका ओळीत द्या. इंग्रजी पुस्तिकासुद्धा हेच करतात, कारण डेंजर आणि वॉर्निंगमधला हा फरक इंग्रजी बोलणाऱ्यालाही उपजत ठाऊक नसतो.

एक सांभाळा. यंत्राबरोबर सफाईचं रसायन असेल तर त्याच्या लेबलवर वेगळी पद्धत चालते. रसायनांसाठी संयुक्त राष्ट्रांची 'जीएचएस' ही वर्गवारी २००३ मध्ये आली. तिच्यात डेंजर आणि वॉर्निंग हे दोनच शब्द आहेत, कॉशन नाहीच. त्यामुळे त्वचेची जळजळ करणाऱ्या द्रवावरही 'वॉर्निंग' असतं. तोच शब्द यंत्रावर असला तर जीव जाऊ शकतो. दोन्ही ठिकाणी 'गंभीर इशारा' छापलात तर एकीकडे उगाच घबराट होईल.

प्रतिसाद

हॅझर्ड म्हणजे इजा करू शकणारी गोष्ट, इथे पातं. रिस्क म्हणजे त्यापासून इजा होण्याची शक्यता आणि झालीच तर ती किती मोठी, या दोन्हींचा मिळून अंदाज. पात्यावर जाळी बसवली तरी पातं तेवढंच धारदार राहतं, रिस्क मात्र उतरते. म्हणून 'धोक्याचं मूळ' आणि 'जोखीम'. तुमचं वाक्य होईल: 'धोक्याचं मूळ काढून टाकता येत नसेल तर जोखीम कमी करावी.' (घरातल्या मोठ्यांना 'जोखीम' म्हटलं की दागिने आठवतात, पण इथे संदर्भ पुरेसा आहे.)

आता 'करावे'. याची गंमत अशी की सरकारी पत्रात तो हुकूम असतो आणि वैद्यांच्या लेखात सल्ला. म्हणून शॅलला तो वापरूच नका. आयएसओच्या मानकांत शॅल म्हणजे अट, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी आणि कॅन म्हणजे शक्यता. अनुक्रमे 'केलेच पाहिजे', 'करणे योग्य', 'केले तरी चालेल', 'करता येते'. वर मी स्वतःच 'कमी करावी' लिहिलंय, तिथे मूळ शब्द शॅल असेल तर 'कमी केलीच पाहिजे' करा.

प्रतिसाद

शेवटच्या मुद्द्याला जोड. 'मस्ट' दिसला तर दस्तऐवज कुठला ते आधी पाहा. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ साली निघालेल्या 'आरएफसी २११९' मध्ये मस्ट आणि शॅल एकच आहेत. आयएसओच्या नियमांत मात्र शॅलच्या जागी मस्ट चालत नाही. तो कायद्यासारख्या बाहेरून आलेल्या बंधनासाठी राखून ठेवलाय.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पहिल्या पानावरच्या अर्थांची कल्पना लगेच उचलते. सफाईचा द्रव खरंच आहे, आणि त्याच्याबद्दल एका पानावर 'फ्लॅमेबल' आहे, दुसऱ्यावर 'इनफ्लॅमेबल'. दुसरा पहिल्याच्या उलट का?

प्रतिसाद

अजिबात नाही! दोन्ही म्हणजे 'ज्वालाग्राही'. यातला 'इन' नकाराचा नाही, पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलेला आहे. पण लोक तो नकार समजतील या भीतीने अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने १९२० च्या दशकात 'फ्लॅमेबल'चा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला 'नॉनफ्लॅमेबल' म्हणतात. दोन्ही पानांवर एकच मराठी शब्द ठेवा आणि मूळ पुस्तिका करणाऱ्यांनाही कळवा, त्यांनी इंग्रजीतलं ते पान बदललं तर बरं.